संस्थेच्या संगणक नेटवर्कची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, नागरी सहकारी बँका, पतसंस्था, कारखान्यांची कार्यालयं अशा ठिकाणी पन्नास ते पाचशे संगणक असतात आणि ते सांभाळायला एक किंवा दोन माणसं. त्या माणसांकडून आणि त्यांच्या वरिष्ठांकडून येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी वेगळा विभाग असतो, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

सगळं सुरळीत चालू आहे. मग नोंदी कशासाठी?

सुरळीत चालू असतं तेव्हाच नोंदी करता येतात. नेट बंद पडल्यावर कुणालाही लिहायला उसंत नसते, आणि तेव्हा केलेल्या नोंदींवर भरवसाही ठेवता येत नाही.

नोंदी वाचणारा माणूस बहुतेक वेळा तुम्ही नसता. तुम्ही रजेवर असता, नोकरी बदललेली असते किंवा आजारी असता. रात्री रुग्णालयाचं बिलिंग थांबलेलं असतं आणि रॅकसमोर दुसराच कुणीतरी उभा असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: हे काय आहे, ही वायर कुठे जाते, आणि हे असं का केलं आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडी खटपट केली तर उपकरणांकडूनच मिळतात. ‘का’चं उत्तर मात्र कोणत्याही स्विचमध्ये (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत) साठवलेलं नसतं. एक्स-रे मशीनचा संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरींवर केलेल्या स्वतंत्र नेटवर्क-विभागात) का ठेवला, फायरवॉलमधला (वाहतूक अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या उपकरणातला) अमुक नियम कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी उघडला, जुना सर्व्हर बंद करायला कुणी आणि का नकार दिला, हे सगळं माणसाबरोबर निघून जातं. म्हणून वेळ कमी असेल तर ‘का’ आधी लिहा.

आमच्याकडे एकही कागद नाही. सुरुवात कुठून करायची?

बाहेरून आत या. इंटरनेटची लाइन इमारतीत जिथे शिरते तिथे उभे राहा आणि तिथून पुढे चालत जा: ओएनटी किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबरची लाइन साध्या केबलवर आणणारी पेटी), मग फायरवॉल, मग मुख्य स्विच, मग मजल्यामजल्यावरचे स्विच. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर फोटो काढा. उपकरणाचा मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, त्याचा प्लग कोणत्या यूपीएसवर आहे आणि कोणत्या पोर्टमध्ये कोणती वायर आहे, हे फोटोत स्पष्ट दिसायला हवं. हा फेरफटका संगणकासमोर बसून होत नाही. फॉल्स सीलिंगच्या वर, जिन्याखाली किंवा ग्रंथालयाच्या कपाटामागे ठेवलेला स्विच चालत गेल्याशिवाय सापडत नाही.

मग उपकरणांनाच विचारा. मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग्ज बदलता येतात असा) असेल तर त्यातली एलएलडीपी ही सोय सुरू करा. शेजारच्या कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला आपण जोडलेलो आहोत, हे स्विच स्वतः सांगतो. सिस्को उपकरणांत सीडीपी हेच काम करतो. मॅक पत्ता म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक; स्विचमधल्या मॅक ॲड्रेस टेबलवरून कोणत्या पोर्टमागे कोणतं उपकरण आहे ते कळतं. एका पोर्टवर आठ-दहा मॅक पत्ते दिसले तर त्यामागे आणखी एक स्विच किंवा वायफायचा ॲक्सेस पॉइंट असणार, हे समजून शोध घ्या. मुख्य स्विच किंवा फायरवॉलच्या एआरपी टेबलमध्ये मॅक पत्ता आणि आयपी पत्ता यांची जोडी मिळते. मॅक पत्त्याच्या पहिल्या चोवीस बिटांवरून उपकरणाचा निर्माता ओळखता येतो, त्यामुळे कॅमेरे, प्रिंटर आणि बायोमेट्रिक हजेरीची यंत्रं पटकन वेगळी काढता येतात. मोबाइलच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात.

एनमॅपसारख्या साधनाने संपूर्ण नेटवर्क स्कॅन करणं, म्हणजे प्रत्येक पत्त्यावर कोण आहे ते विचारत जाणं, सोपं आहे, पण त्याआधी संबंधित विभागांना कळवा आणि कामाच्या वेळेबाहेर करा. जुने प्रिंटर आणि काही वैद्यकीय उपकरणं स्कॅन सहन करत नाहीत, मध्येच अडकून बसतात. अतिदक्षता विभागातली यंत्रं ज्या नेटवर्कवर आहेत तिथे स्कॅन करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे हातात वही घेऊन जा.

नेमकं काय काय लिहायचं?

सगळं लिहायला गेलात तर काहीच पूर्ण होणार नाही. ज्याच्या अभावी काम अडतं ते आधी लिहा. इंटरनेट लाइन आणि तिची खाती, आयपी पत्त्यांचा आराखडा, कोणता स्विच कुठे आहे आणि त्याच्या कोणत्या पोर्टला काय जोडलं आहे, सर्व्हर कोणते आणि प्रत्येकावर काय चालतं, बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा आणायचा, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या. एवढं खरं आणि ताजं असेल तर बहुतेक रात्री निभावून जातात.

बॅकअपबद्दल थोडं जास्त. ‘रोज रात्री बॅकअप होतो’ ही नोंद नव्हे. कोणत्या सर्व्हरवरचा कोणता डेटाबेस, कोणत्या डिस्कवर, किती दिवस राहतो, आणि तो प्रत्यक्ष परत आणून शेवटचं कधी पाहिलं, हे लिहा. शेवटच्या रकान्यात तारीख नसेल तर तो बॅकअप आहे असं धरून चालू नका.

प्रत्येक संगणकाची रॅम आणि हार्ड डिस्क हाताने लिहीत बसायची मात्र गरज नाही. ती माहिती साधनं आपोआप गोळा करतात.

आयपी पत्त्यांचा आराखडा कसा आखावा?

खासगी वापरासाठी तीन पट्टे राखीव आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ मध्ये ते ठरवून दिले आहेत. आपल्याकडच्या बहुतेक संस्था १९२.१६८.१.० वर असतात, आणि त्याचं कारण एवढंच की राउटर विकत आणला तेव्हा तो तसाच आला होता. एकच कार्यालय आहे तोवर काही बिघडत नाही. मग दुसरी शाखा उघडते, तिचा राउटरही तसाच येतो, आणि दोन्ही शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने) जोडायची वेळ आली की दोन्हीकडे तेच पत्ते निघतात. तेव्हा एका शाखेतले सगळे प्रिंटर, कॅमेरे, हजेरी यंत्रं नव्या पत्त्यांवर न्यावी लागतात.

ज्यांना नव्याने आखायची संधी आहे त्यांनी दहाचा पट्टा घ्यावा. दुसरा आकडा शाखेचा आणि तिसरा आकडा व्हीलॅनचा ठेवला की पत्ता वाचूनच ठिकाण कळतं. १०.३.२०.४५ म्हणजे तिसऱ्या शाखेतल्या व्हीलॅन २० मधलं उपकरण. व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत देता येतात, पण ही पद्धत चालवायची तर २५५ च्या आत राहा. /२४ च्या (पहिले तीन आकडे तेच असणाऱ्या) प्रत्येक पट्ट्यात २५४ पत्ते वापरता येतात. त्यातले पहिले वीस नेटवर्कच्या उपकरणांना, पुढचे तीस प्रिंटर आणि सर्व्हरसारख्या कायम पत्त्यांना, आणि बाकीचे डीएचसीपीला (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला), असं एकदा ठरवून सगळ्या शाखांत तेच पाळा. आकडे वेगळे ठेवलेत तरी चालेल, शाखेगणिक बदलू नका.

प्रिंटरला त्याच्या पडद्यावरून हाताने पत्ता देण्यापेक्षा डीएचसीपीमध्ये आरक्षण करा. सगळी नोंद एका जागी राहते आणि प्रिंटर बदलला तरी फक्त मॅक पत्ता बदलावा लागतो.

आयपीव्ही६ आम्ही वापरत नाही. त्याची नोंद हवी का?

हवी, एका ओळीची का होईना. विंडोज आणि मोबाइलमध्ये ते (लांब आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मुळातच सुरू असतं आणि एफई८० ने सुरू होणारे पत्ते आपोआप तयार होतात. फायरवॉलवर त्याचं काय ठरवलं आहे, ते लिहा.

नेटवर्कची आकृती एकच असावी की अनेक?

किमान दोन. पहिली जागेची: कोणत्या इमारतीत, कोणत्या खोलीत, कोणता रॅक, मधली केबल तांब्याची की फायबर. दुसरी वाहतुकीची: कोणते व्हीलॅन, त्यांचं गेटवे (बाहेर जाण्याचं दार) कुठे, फायरवॉलमधून काय कुठे जातं. दोन्ही एकाच कागदावर कोंबल्या की कुणालाच काही वाचता येत नाही. ए३ कागदावर छापून हाताच्या अंतरावरून वाचता आली तर आकृती बरोबर जमली असं समजा.

आकृतीत प्रत्येक संगणक दाखवू नका. गावचा नकाशा आणि सातबारा जसे वेगळे असतात, तशी आकृती आणि नोंदवही वेगळी ठेवा. जागा आणि जोडणी आकृतीत, तपशील नोंदवहीत. ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. कोपऱ्यात दोन तारखा घाला: आकृती काढल्याची, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळल्याची. दुसरी तारीख जास्त महत्त्वाची.

दोन इमारतींमधलं फायबर जमिनीखालून जात असेल तर त्याचा मार्ग इमारतीच्या कोपऱ्यापासून मोजून, मीटरमध्ये लिहा. पाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी येतो तेव्हा नेटवर्कवाल्याला कुणी विचारत नाही. म्हणून ही आकृती इस्टेट विभागात किंवा कार्यालयीन अधीक्षकांकडे आधीच देऊन ठेवा.

केबलना लेबल कसं लावायचं?

दोन्ही टोकांना, तेच लेबल. आयओ बॉक्सवर (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटवर) जो क्रमांक तोच पॅच पॅनेलवर (भिंतीतल्या केबल रॅकमध्ये जिथे येऊन संपतात त्या पट्टीवर). क्रमांकातून मजला, खोली आणि बॉक्स कळावा: २-०७-बी म्हणजे दुसरा मजला, सातवी खोली, दुसरा बॉक्स. त्या खोलीत बसणाऱ्या माणसाचं नाव लेबलवर घालू नका, कारण टेबलं बदलतात आणि वायर तिथेच राहते. मार्करने लिहिलेलं पुसट होतं, आणि कोकणातल्या दमट हवेत चिकटपट्टीच गळून पडते. लॅमिनेटेड पट्टी छापणारं छोटं यंत्र एकदा घेतलं की अनेक वर्षं पुरतं.

केबल टाकून घेताना लांबीही लिहून घ्या. भिंतीतल्या पक्क्या केबलची मर्यादा ९० मीटर आहे, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १०० मीटर. लांबच्या प्रयोगशाळेतला संगणक अधूनमधून तुटत असेल तर आधी हा रकाना पाहा.

टेबलाखालचे छोटे स्विच कसे नोंदवायचे?

आधी शोधून, मग कमी करून. कुणाला तरी एक पोर्ट कमी पडतो, तो बाजारातून पाच पोर्टचा स्विच आणून लावतो. पुढे साफसफाई करताना लोंबकळणारी वायर कुणीतरी त्याच स्विचमध्ये परत खोचतो, लूप होतो, म्हणजे वाहतूक त्याच वर्तुळात फिरत राहते, आणि सगळ्या मजल्याचं नेट बंद पडतं. असा प्रत्येक स्विच नोंदवहीत हवा: कुठे आहे, कुणासाठी लावला, कधी काढायचा.

याच संदर्भात स्पॅनिंग ट्रीचा (लूप रोखणाऱ्या यंत्रणेचा) मुख्य स्विच कोणता, हेही लिहा. प्राधान्य कुणी ठरवलं नसेल तर सगळ्या स्विचचं ३२७६८ असतं, आणि मग ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो मुख्य होतो. बऱ्याचदा तो नेमका सर्वांत जुना स्विच असतो. संपूर्ण संस्थेची वाहतूक त्याच्यावर अवलंबून आहे, हे तो जळतो तेव्हा कळतं. मुख्य स्विचचं प्राधान्य ४०९६ करा आणि तशी नोंद करा.

एक्सेल चालेल, की सॉफ्टवेअर घ्यावं?

एक्सेल चालेल. दोन माणसं एकाच वेळी बदल करू लागली, किंवा ‘नोंदवही अंतिम २’ अशा नावाच्या फाइली दिसू लागल्या, की मग पुढे जा. फक्त आयपी पत्त्यांसाठी पीएचपी-आयपॅम पुरतं. रॅक, पोर्ट, केबल, पत्ते हे सगळं एकमेकांशी जोडून ठेवायचं असेल तर नेटबॉक्स उत्तम आहे. डिजिटलओशन कंपनीने तो २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि त्याला परवान्याचा खर्च नाही. तो चालवायला लिनक्स हाताळणारं माणूस मात्र हवं. तसं कुणी नसेल तर नीट ठेवलेली एक्सेल फाइल अर्धवट भरलेल्या नेटबॉक्सपेक्षा कितीतरी चांगली.

स्विच आणि फायरवॉलची सेटिंग्ज कागदावर उतरवायची का?

नाही. ऑक्सिडाइज्ड किंवा रॅनसिड ही साधनं ठरलेल्या वेळी प्रत्येक उपकरणाचं कॉन्फिगरेशन ओढून घेतात आणि आधीच्या प्रतीशी ताडून पाहतात. काल आणि आज यांत कोणती ओळ बदलली ते दिसतं. एवढं जमत नसेल तर महिन्यातून एकदा हाताने फाइल उतरवून ठेवा. या फाइली जपून ठेवायच्या असतात. सिस्कोच्या कॉन्फिगरेशनमधला ‘टाइप ७’ पासवर्ड क्षणात उलगडता येतो.

पासवर्ड नोंदवहीत लिहावेत का?

अजिबात नाही. नोंदवहीत फक्त ते कुठे आहेत हे लिहा. पासवर्ड कीपास किंवा बिटवॉर्डन अशा पासवर्डच्या तिजोरीत ठेवा. त्या तिजोरीची चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, बंद पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर सही करून प्राचार्य, व्यवस्थापक किंवा सचिवांच्या लोखंडी कपाटात ठेवा. पाकीट उघडलं गेलं तर कुणी, कधी, का याची नोंद व्हावी आणि पासवर्ड लगेच बदलावा. पाकिटातला पासवर्ड अजून चालतो का, हे वर्षातून एकदा तपासा.

इंटरनेट लाइन आणि डोमेनबद्दल काय लिहायचं?

सर्वांत जास्त संस्था इथे अडकतात. लाइनचा सर्किट आयडी, ग्राहक क्रमांक, मिळालेले स्थिर आयपी पत्ते, तक्रारीचा क्रमांक आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्याचा क्रमांक तर हवाच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कुणाचा आहे. लाइन घेतली त्या वर्षीच्या हेडक्लार्कचा असतो, ते निवृत्त होऊन गावी गेलेले असतात, आणि ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर जातो. डोमेनचंही (वेबसाइटच्या नावाचंही) तेच. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या जीमेलवर नोंदवलेलं डोमेन नूतनीकरणाच्या दिवशी परत मिळवणं फार त्रासाचं असतं. डॉट एसी डॉट इन डोमेन अर्नेट या शैक्षणिक नेटवर्ककडून मिळतं, डॉट जीओव्ही डॉट इन एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक यंत्रणेकडून. तिथेही संपर्क म्हणून दिलेली व्यक्ती आजही संस्थेत आहे का, ते पाहा.

संस्थेच्या नावाचा एक मोबाइल क्रमांक आणि पदाच्या नावाचा एक ईमेल पत्ता तयार करा, आणि सगळी खाती हळूहळू त्यावर आणा.

वेबसाइटच्या एसएसएल सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) मुदत आणि ते कुठेकुठे बसवलं आहे, हेही लिहा. या मुदती आता झपाट्याने कमी होत आहेत. १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस, असं ठरलं आहे. वर्षातून एकदा हाताने बदलण्याची सवय पुढे चालणार नाही.

या नोंदी कायद्याने बंधनकारक आहेत का?

संस्थेवर अवलंबून आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं २ जून २०१६ चं सायबर सुरक्षा परिपत्रक आहे. नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ चं आहे, त्यात माहिती तंत्रज्ञानाच्या मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. ३१ डिसेंबर २०१९ ला त्यात बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार पातळ्या आल्या. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, त्यांना ही परिपत्रकं लागू नाहीत, पण आराखडा म्हणून ती वाचावीत असं मी सुचवेन.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र बँकांपुरते नाहीत. कंपन्या आणि सरकारी संस्थाही त्यांत येतात. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायच्या, लॉग (यंत्रं आपोआप करतात त्या नोंदी) १८० दिवस जपायचे, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. सहा तासांत कोणतं यंत्र, कोणत्या विभागातलं, त्या वेळी तो आयपी कुणाकडे होता, हे सांगायचं तर नोंदी आधीच तयार असाव्या लागतात. डीएचसीपीचे लॉग कुठे साठतात आणि प्रत्येक उपकरण वेळ कुठून घेतं, हे दोन रकाने त्यासाठी नोंदवहीत घाला.

नोंदी मराठीत लिहाव्यात का?

जो वाचणार आहे त्याच्या भाषेत. स्विच आणि सर्व्हरच्या नावांत रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं, आणि विंडोज संगणकाचं नाव पंधरा अक्षरांत बसवावं लागतं. तिथे पर्याय नाही. पण ‘रात्री वीज जाऊन परत आली तर काय करायचं’ ही सूचना रखवालदार, वॉर्डबॉय किंवा शाखेतला शिपाई वाचणार आहे. ती मराठीतच हवी, मोठ्या अक्षरात, रॅकच्या दारावर: आधी कोणतं बटण, किती मिनिटं थांबायचं, कोणता दिवा हिरवा झाला पाहिजे, नाही झाला तर फोन कुणाला. सूचनेत उपकरणाचा फोटो आणि त्यावर बाण घातला की चूक होत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावात रात्री रॅकपाशी पोहोचणारा पहिला माणूस हाच असतो, आणि त्याच्यासाठी कुणी काही लिहीतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कागदी प्रत हवी का?

हवी. नोंदी ज्या सर्व्हरवर आहेत तोच बंद पडला, किंवा रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर तीच कामाला येते. दोन आकृत्या, पत्त्यांचा आराखडा, फोन क्रमांक आणि सुरू-बंद करण्याचा क्रम एवढं एका फाइलमध्ये, सर्व्हर रूमच्या बाहेर, कुलपात ठेवा. दर तिमाहीला जुनी प्रत फाडून नवी लावा. आणि आकृतीचा फोटो कधीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हल्लेखोराला शोधायला आठवडे लागतील ती माहिती त्या एका फोटोत असते. व्हेंडरलाही त्याच्या कामापुरताच भाग द्या.

जुना व्हेंडर माहिती देत नाही. काय करावं?

करारात लिहिलं नसेल तर विनंती आणि पाठपुरावा एवढंच हातात असतं. तेवढ्यात दुसऱ्या प्रश्नात सांगितलेला फेरफटका सुरू करा, आणि ज्या उपकरणांची बिलं संस्थेच्या नावावर आहेत ती कामाबाहेरच्या वेळेत एकेक करून नव्या पासवर्डवर आणा. पुढच्या करारात तीन वाक्यं घाला: सर्व कॉन्फिगरेशन आणि पासवर्ड संस्थेच्या मालकीचे, काम जसं प्रत्यक्ष झालं तशी आकृती दिल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नाही, आणि बिलाची ठरावीक रक्कम तोवर राखून ठेवली जाईल. तिसरं वाक्य असेल तरच पहिली दोन पाळली जातात.

नोंदी ताज्या कशा ठेवायच्या?

‘सवडीने अद्ययावत करू’ म्हटलं की त्या शिळ्या होतात. नोंद हा कामाचाच भाग माना: स्विच बदलला, नोंदवहीत लिहिलं, मग तक्रार बंद. ज्याने बदल केला त्यानेच, रॅकपासून हलायच्या आत. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण वाचणारा तिच्यावर विसंबून चालू स्विचची वायर उपसतो. ज्या रकान्याबद्दल खात्री नाही तिथे ‘पडताळायचं आहे’ असं सरळ लिहा.

महिन्यातून एकदा नोंदवहीतले कोणतेही दहा पोर्ट निवडा आणि जागेवर जाऊन पाहा. दोनपेक्षा जास्त चुकले तर तो सगळा मजला पुन्हा तपासा. वर्षातून एकदा, नेटवर्कशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती ती फाइल द्या आणि लेखा विभागाचा प्रिंटर कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे ते शोधायला सांगा. तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथे अडेल तिथे नोंद अपुरी आहे.

उपकरण भंगारात गेलं की नोंद पुसायची का?

पुसू नका, ‘निवृत्त’ करा. तारीख, कारण, डिस्क पुसली का आणि कुणी, ते लिहा. त्याचा आयपी पत्ता निदान काही महिने दुसऱ्या कुणाला देऊ नका. एखाद्या फायरवॉल नियमात किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता अजून असू शकतो, आणि मग नव्या यंत्राला जुन्याच्या परवानग्या मिळतात. आधी नियम काढा, मग पत्ता मोकळा करा.